टाकीचा ताळा

जुलैच्या पेपरात गणित सुटलं नसतं, तर ऑगस्टपासून माझा पंप गेला असता. कळंबोलीच्या एका सोसायटीत मी एकोणीस वर्षं पाण्याचा पंप चालवतो. यंदा तिथे नवीन ठेकेदार आला. पंपावरचा माणूस दहावी पास पाहिजे, असा त्याचा नियम. मी सातवीपर्यंत शिकलेला. सुपरवायझर कृष्णात माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलायला मोठा. तो म्हणाला, "बाजीरावभाऊ, पोरं मिशा फुटायच्या आत दहावी होतात. तुमच्या तर पांढऱ्या झाल्या." ठेकेदाराला ऑगस्टपर्यंत थांबवून धरतो, असंही तोच म्हणाला.

तसा मी दहावीच्या परीक्षेला बसलोच होतो. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म माझ्या बायकोने, चांगुणाने, दोघांचा मिळून भरला होता. ती अंगणवाडीत मदतनीस होती आणि तिला सेविका व्हायचं होतं. एकटीने वर्गात बसायला लाज वाटते, म्हणून तिने मला ओढलं. आम्ही नावड्याला राहतो. तिथल्या विहारात रविवारी सकाळी जयप्रकाश सर शिकवायचे. घरी आलो की मी गणित सोडवायचो आणि वही तिच्यापुढे धरायचो. ती बोट ठेवून ओळ वाचायची, बरोबर असेल तर पेन्सिलीने खूण करायची आणि म्हणायची, "हाय बरोबर. पुढं चला." चुकलं असलं तर काही न बोलता वही परत द्यायची.

जानेवारीत तिला कावीळ झाली. चौदा दिवसांत ती गेली.

फेब्रुवारीत दोघांची हॉल तिकिटं आली. मार्चमध्ये पेपराला माझ्या पुढच्या बाकावर तिचा नंबर खडूने लिहिलेला होता आणि बाक रिकामा होता. बाकीचे विषय कसेबसे निघाले. गणित राहिलं, ते जुलैत परत द्यायचं होतं. भूमिती आकृती बघून थोडी जमते, पण बीजगणितात मी प्रत्येक गणित निम्म्यात सोडून आलो होतो. एक ओळ लिहायची, की ही बरोबर आहे का, हे कोणीतरी सांगावं असं वाटायचं. सांगणारं कोणी नव्हतं. पुढची ओळ सुचायचीच नाही.

जूनमध्ये माझी मुलगी अक्षता दहावीत गेली. तिचं आणि माझं पुस्तक एकच. ती मला शिकवायला बसली. मी तिलाही तसंच विचारायचो, प्रत्येक ओळीला, बरोबर आहे का. चार दिवस तिने सांगितलं. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तिने मागे न बघताच विचारलं, "पप्पा, परीक्षेत कोणाला विचारणार?"

मला राग आला. मी वही मिटली आणि कामावर गेलो.

संध्याकाळी ती माझा विसरलेला डबा घेऊन सोसायटीत आली. मी गच्चीवर टाकीत काठी सोडत होतो. माझी बांबूची काठी आहे, तिच्यावर फुटाफुटाला खिळ्याने रेघा मारलेल्या आहेत. काठी वर काढली, दोन फूट ओली होती. मी म्हणालो, चार तास पंप चालवावा लागेल. अक्षताने विचारलं, कसं कळलं. मला हसू आलं. टाकी आठ फूट. दोन फूट पाणी आहे, म्हणजे सहा भरायचं. पंप तासाला दीड फूट चढवतो. चार तास झाले.

तिने डब्याच्या पिशवीतून वही काढली. ती वही काढायलाच आली होती बहुतेक. तिने लिहिलं: २ + १.५x = ८. म्हणाली, हेच केलंत तुम्ही आत्ता. दोन पलीकडे नेले, सहा राहिले.

"आता कागदावर सोडवा."

मी सोडवलं. दोन पलीकडे नेले, चिन्ह बदललं, १.५x = ६. मग दीडही पलीकडे नेला, चिन्ह बदललं, सहातून दीड गेला. x = ४.५.

 तिने आईसारखीच नुसती वही परत दिली.

मी कागदाकडे बघितलं आणि टाकीकडे बघितलं. साडेचार तास पंप चालवला, तर अर्धा तास पाणी जिन्यावरून वाहील आणि वरच्या मजल्याच्या बाया मला फाडून खातील. म्हणजे चुकलंय, हे मला कोणी न सांगता कळलं. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे मी मंत्रासारखं पाठ केलं होतं. पण दीड हा x मध्ये मिळवलेला नव्हता, गुणलेला होता. तो वजा कसा होईल? त्याने भागायला पाहिजे. सहा भागिले दीड, चार.

"पंप बंद केल्यावर तुम्ही काय करता?" अक्षताने विचारलं.

मी सांगितलं, वर येऊन परत काठी टाकतो. घड्याळावर भरवसा नाही.

"मग इथं पण टाका. x च्या जागी चार घाला."

दीड चोक सहा, सहा अन् दोन आठ. इकडे आठ, तिकडे आठ.

"याला ताळा म्हणतात," ती म्हणाली. "सरांनी शिकवला असेल. मम्मी तुमची वही तपासताना हेच करायची. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तिला उत्तरं येतात.

त्या दिवसापासून मी अक्षताला विचारणं बंद केलं. पंप सुरू केला की दोन गणितं सोडवायची, ताळा करायचा, मग डबा उघडायचा. जुळलं नाही, तर डबा गार व्हायचा. दोन चलांची गणितं आली, तेव्हा ताळाही दोनदा करायला लागलो.

पेपराच्या दिवशी माझा नंबर वेगळा होता. पुढच्या बाकावर एक जाड बाई बसल्या होत्या, त्यांच्या पाठीमुळे फळा दिसत नव्हता. मला ते बरंच वाटलं. तिसऱ्या प्रश्नात दोन समीकरणं होती, २x + ३y = ३१ आणि ४x − y = १३. सोडवली. x आला बावीस सप्तमांश. हात थांबला. आजूबाजूला कोणाकडे तरी बघावं असं झालं, पण काठी आपल्याच हातात आहे हे आठवलं. दुसऱ्या समीकरणात किमती घातल्या, तेरा आले, जुळलं. पहिल्यात घातल्या, तर एकतीसच्या जागी पाच आले. म्हणजे टाकी कुठेतरी गळत होती. एक एक ओळ परत वर चढलो. y च्या जागी ४x − १३ घालून कंस केला होता; कंसाबाहेरच्या तीनने मी ४x ला गुणलं होतं, तेराला गुणायचं राहिलं होतं. खोडलं, नीट केलं. x पाच, y सात. दहा अन् एकवीस एकतीस. वीस वजा सात तेरा.

असं करत सहा गणितं झाली. एकही निम्म्यात सोडलं नाही.

फाटकाबाहेर अक्षता छत्री घेऊन उभी होती. कसा गेला, म्हणाली. मी म्हणालो, सहा गणितं बरोबर आहेत, पास होतो.

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी ताळा केला."

तिने छत्री माझ्याकडे जास्त धरली.

निकाल नंतर लागला. पस्तीस हवे होते, एकेचाळीस मिळाले. कृष्णातने माझा कागद ठेकेदाराकडे पाठवला आणि पंप माझ्याकडे राहिला. पण माझं ओझं उतरलं ते पेपराच्याच दिवशी. घरी येऊन जेवलो आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा दुपारी झोप लागली. अक्षताने हलवून उठवलं, तेव्हा पाच वाजून गेले होते आणि टाकीत काठी टाकायला जायचं होतं.