कान बांधलेला टोप

माझ्या दोन्ही कानांना मक्याच्या पानांच्या वेण्या बांधलेल्या दिसतात ना, मित्रांनो? त्या शोभेसाठी नाहीत. अमेरिकेच्या सीमेवरच्या एल पासो शहरातल्या एका घरात तमाले वाफवण्यात मी, अल्युमिनियमचा एक टोप, म्हातारा झालो, आणि मला ऐकू येते. मी ऐकू नये म्हणून त्या वेण्या आहेत.

पुलापलीकडे, मेक्सिकोतल्या हुआरेसमध्ये आन्सेल्मो नावाच्या कारागिराने मला लाकडी हातोड्याने ठोकून घडवले. ओब्दुलिया नावाची एक बाई दुकानात आली. तिने मला टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि म्हणाली, "हा कुरकुरत नाही. हाच द्या."

तिच्या घरी वर्षाचे अकरा महिने मी ओव्हनमध्ये बसून असे. त्या घरात ओव्हन भाजण्यासाठी नव्हता, भांडी कोंबण्यासाठी होता. आतल्या अंधारातून मी सगळे घर ऐकत असे. आइस्क्रीमचा डबा उघडल्यावर आत राजमा निघाला म्हणून रडणाऱ्या तिच्या दोन मुली मी ऐकल्या. "बरं, निघतो आम्ही," म्हटल्यानंतर दारातच तासभर उभे राहणारे पाहुणे ऐकले. ओब्दुलियाची चप्पल कोपऱ्यावरून वळून बरोबर पाठीत बसत असे, तेही ऐकले. आणि त्या घरात औषध एकच होते, बाम. खोकल्याला बाम, पोटदुखीला बाम. थोरली रोसाउरा गणितात नापास झाली तेव्हाही तिच्या कपाळाला बाम लागला.

डिसेंबरात मात्र मी राजा होई. कणसाच्या वाळल्या पानांत मक्याचे पीठ आणि मिरचीतले मांस गुंडाळून तमाल्यांच्या पुड्या माझ्यात उभ्या रचल्या जात. तमाल्यांच्या दिवशीचा नियम कडक होता. रागावलेल्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही.

"टोपाला कळतं," ओब्दुलिया म्हणे. "राग ऐकला की तो शिजवायचा थांबतो." मग ती माझ्या कानांना वेण्या बांधी आणि माझ्यासमोर थोडी नाचे. अडतीस वर्षांत माझा एकही तमाल कच्चा राहिला नाही.

एका फेब्रुवारीत सकाळी ओब्दुलियाच्या छातीत दुखू लागले. दुपारी ती गेली. दफन करून आल्यावर दोघी बहिणी स्वयंपाकघरात काय बोलल्या, ते मी ओव्हनमधून ऐकले.

"बाम चोळत बसलीस, ताई?" धाकटी इमेल्दा ओरडली. "दवाखान्यात न्यायचं सोडून बाम?"

"आणि तू कुठे होतीस गं?"

दार आपटले. त्यानंतर दहा महिने त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. ओव्हनही कुणी उघडला नाही.

चोवीस डिसेंबरला सकाळी रोसाउराने मला बाहेर काढले. तिची अकरा वर्षांची मुलगी इत्सेल मदतीला होती. वेण्या बांधायचे दोघीही विसरल्या. मी नुकताच आचेवर चढलो होतो, तेवढ्यात इमेल्दा दारात येऊन उभी राहिली.

"टोप न्यायला आलेय. आईने मला देते म्हटलं होतं."

"भरलाय तो. शिजले की ने," रोसाउरा म्हणाली.

इमेल्दा अंगातला कोट न काढता खुर्चीवर बसली. दोघींची तोंडे दोन भिंतींकडे होती.

दीड तास झाला. इत्सेलने एक पुडी सोडून पाहिली. पीठ ओले होते. तीन तास झाले, तरी ओलेच. खाली ज्योत नीट होती, माझ्या तळाशी पाणी खदखदत होते. आणि तरीही, मित्रांनो, माझा वरचा भाग थंडगार होता. आतून कुणी झाकणाला तळहात लावून बसावे, तसे मला वाटत होते.

दोन वाजता झाकणाच्या कडेने वाफ निघाली. तिला मिरचीचा वास नव्हता. इत्सेलने नाक वर केले.

"आई, आजीचा वास येतोय."

"बाम सांडलाय का कुठे? बघ जरा."

बामची बाटली फळीवर होती. फेब्रुवारीपासून रिकामी. वास वाढत गेला, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. माझे झाकण आतून वाजले. एकदा. मग पुन्हा.

रोसाउरा झाकणाकडे पाहत बोलू लागली. "मी तीनदा म्हटलं, आई, चल. 'बाम आण,' म्हणाली. चौथ्यांदा म्हटलं, तर अंथरुणातून चप्पल उचलली तिने, इमे."

"मारली?"

"मारली. आणि लागली."

इमेल्दाला हसू फुटले. रोसाउराही हसली. मग इमेल्दाने एकदम तोंडावर हात धरला.

"तिने मला फोन केला होता, ताई. सव्वाआठला. मी नाव बघितलं आणि घेतला नाही. तिचा फोन म्हणजे तासभर. म्हटलं, जेवणाच्या सुटीत करू." तिने खिशातून फोन काढला. "निरोप ठेवलाय तिने. मी अजून ऐकलेला नाही."

रोसाउराने पिठाचा हात पुसला आणि तिच्या पाठीवर ठेवला. "लाव."

स्वयंपाकघरात ओब्दुलियाचा आवाज आला. "इमे, मी बोलतेय. तुझी आई. जेवलीस का? मला जरा बरं नाही. ताईवर चिडू नकोस हं, ती बिचारी माझंच ऐकते. आणि माझा निळा डबा परत आण. झाकणासकट. मागच्या वेळी झाकण विसरलीस. आता हे बंद कसं करायचं असतं..."

पुढे नुसता श्वास होता. निरोप संपला, फोनचा पडदा काळा झाला, तरी श्वास चालूच होता. तो माझ्या झाकणाखालून येत होता. दोघी बहिणी एकमेकींना घट्ट धरून ऐकत राहिल्या. मग तो थांबला आणि माझे झाकण चटका बसेल इतके तापले.

इत्सेलने ते फडक्याने उचलले. सगळे तमाले शिजले होते, पाने अलगद सुटत होती. मधोमध एक पान नीट दुमडून, दोरा बांधून उभे होते. ते आतून रिकामे होते, पुसून खाल्ल्यासारखे स्वच्छ. रोसाउराने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ताटे मांडली.

इमेल्दा संध्याकाळी निघाली. मला न्यायचे ती विसरली, की तिने मुद्दामच नेले नाही, ते मला कळले नाही.

आता माझा तळ गळतो. तमाले नव्या स्टीलच्या टोपात शिजतात. पण दर चोवीस डिसेंबरला दोघी बहिणी मला घासून, कानांना वेण्या बांधून, रिकामाच शेजारी ठेवतात. माझ्याखाली आच नसते, पोटात पाण्याचा थेंब नसतो. तरी दुपारी माझे झाकण कोमट होते. इत्सेल येते, त्यावर हात ठेवते आणि गुपचूप निघून जाते.

मित्रांनो, घरातले जुने भांडे भंगारात देण्याची घाई करू नका. त्याला घासा, पुसा, सणाच्या दिवशी चार माणसांत ठेवा. त्याच्यासमोर भांडलात, तर त्याच्यासमोरच बोलून मोकळे व्हा. आणि उघडायचे असेल, तर आधी झाकणावर हलकेच टकटक करा. आत कुणी जेवत असेल.