खुर्ची वाजते तिथपर्यंत

मी हेडफोन बोलतोय. माझं काम कानाशी हळू बोलण्याचं आहे, पण आज मी आवाज चढवणार आहे. माझ्या आवाजावर लोकांनी आजवर तासन्‌तास चर्चा केली. मी काय सांगतोय, हे ऐकून घ्यायला मात्र एकालाही फुरसत झाली नाही. आता मी बोलेन आणि तुम्ही मध्येच थांबवायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. केसासारख्या तारेचं वेटोळं एका बाईने माझ्या पातळ पडद्यावर चिकटवलं, दुसरीने कानांच्या गाद्या बसवल्या. माझ्या पाठीला बंद झाकण नाही, जाळी आहे. त्यामुळे मी बोललो की थोडंसं बाहेरही सांडतं. खोक्यात बसून मी स्वप्नं रंगवत होतो, की कुणाच्या तरी घरी जाईन, संध्याकाळी कुणीतरी थकून येईल, मला डोक्यावर चढवेल, डोळे मिटेल आणि मी गाईन. एवढंच मागणं होतं माझं.

माझा मालक पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढतो. माणूस वाईट नाही. घरात आवाज चढवत नाही, वडिलांची औषधं न चुकता आणतो. पण त्याला एक खूळ आहे, आणि त्या खुळाच्या खोलीत मी राहतो. टेबलावर माझा लाकडी स्टँड आहे. त्याच्या डावीकडे काचवाला आणि उजवीकडे काळा डबा.

दोघंही अ‍ॅम्प्लिफायर. संगणकातला बारीक आवाज वाढवून माझ्यापर्यंत आणण्याचं काम दोघांचं. काचवाल्यात जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या ट्यूब आहेत. त्या नारिंगी पेटतात, तापतात, आणि नीट तापल्याशिवाय साहेब कामाला लागत नाहीत. काळ्या डब्यात तापणारं, पेटणारं काही नाही. बटण दाबलं की हजर. त्याच्याकडे बघण्यासारखंही काही नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

दर रविवारी मंडळी जमायची. एक दातांचा डॉक्टर, तो काचवाल्याचा भक्त. दुसरा वकील, तो काळ्या डब्याच्या बाजूचा. डॉक्टरांच्या हातांना दवाखान्याचा वास असायचा आणि वकिलांच्या चष्म्याच्या काड्या माझ्या गाद्यांमध्ये रुतायच्या. डॉक्टर म्हणायचे, काचेच्या आवाजात ऊब आहे, माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. वकील म्हणायचे, ती ऊब नाही, ती भेसळ आहे, जे मुळात नाही ते तुमची ट्यूब घालते. त्यावर डॉक्टर म्हणायचे, मग तुमचा डबा तर रिपोर्ट वाचून दाखवतो. एकदा दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. यांची लग्नं टिकली याचंच मला नवल वाटतं.

आणि या सगळ्यांत माझी फरफट. माझी वायर यातून काढ, त्यात घाल. तुझ्या डोक्यावरून माझ्या डोक्यावर. आवाज जरा मोठा असला की तोच माणसाला चांगला वाटतो, म्हणून मालकाने दोन्ही अ‍ॅम्पच्या बटणांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती. तिच्यापुढे बटण फिरवायचं नाही, म्हणजे तुलना न्यायाची. न्याय! खोलीत कुणाला न्याय मिळत नव्हता ते मी स्टँडवरून रोज बघत होतो.

तुलनेला लागतं गाणं. त्यांच्याकडे हजारो होती, पण शेवटचा निकाल नेहमी एकाच गाण्यावर. ते मालकाच्या आईने गायलेलं होतं.

मालकाचे वडील रेडिओवर ध्वनिमुद्रण करायचे. तरुणपणी एका दुपारी ते दुरुस्त झालेलं रेकॉर्डिंगचं यंत्र तपासायला घरी घेऊन आले. दोन मायक्रोफोन लावले आणि बायकोला म्हणाले, काहीतरी गा. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून गायली. पुढे मालक शाळेत असतानाच ती गेली. तिचा आवाज म्हणून जगात तेवढी एकच टेप उरली. मालकाने ती दुकानातून संगणकासाठी उतरवून घेतली, घरी आणून लावली, आणि पहिल्या कडव्यात त्याला खुर्ची सापडली. तिथेच त्याचा मुक्काम पडला.

म्हणजे असं, की ती गात असताना खुर्ची वाजते. आधी लाकडाची बारीक करकर, आणि मागून फरशीवर एक दबका ठोका. काचवाल्यावर करकर गोड लागते. काळ्या डब्यावर ठोका नेमका कुठून आला ते कळतं. झालं. याच्यावर यांचे रविवारच्या रविवार गेले. डॉक्टर डोळे मिटून म्हणायचे, "वा, काय खुर्ची आहे!" बाई गातेय, आणि हा माणूस खुर्चीला दाद देतोय. गाणं खुर्ची वाजते तिथपर्यंत जायचं, मग थांब, वायर बदल, पुन्हा पहिल्यापासून. त्या माउलीचा पहिला सूर मी किती वेळा लावला असेल, आणि तिचं दुसरं कडवं कसं आहे हे मला माहीत नव्हतं. गाणाऱ्याला स्वतःच्या गाण्याचा शेवट माहीत नसावा, याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

तरी माझा अपमान मी गिळला असता. माझा राग वेगळा आहे.

दारात वडील उभे असायचे. मी नवा होतो तेव्हा त्यांना चांगलं ऐकू येत होतं. माझ्या जाळीतून सांडणारं ते पलीकडच्या खोलीतून ओळखायचे आणि हातातलं वर्तमानपत्र तसंच घेऊन दारापर्यंत यायचे. म्हणायचे, "जरा पुढे जाऊ दे की रे. शेवटपर्यंत लाव एकदा." मालक म्हणायचा, "हो बाबा, हे एवढं झालं की लावतो." ते एवढं कधी झालंच नाही. त्यांना स्वतःला संगणकातलं काही जमत नव्हतं, आणि दुसऱ्यांदा मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते थोडा वेळ थांबायचे आणि परत जायचे.

एकदा तर मी त्यांच्या कानांवर चढलोही होतो. मंडळी यायची होती, काचवाला तापत होता, आणि मालकाने स्वतःहून वडिलांना बसवलं, मला त्यांच्या डोक्यावर ठेवलं, गाणं सुरू केलं. त्यांचे हात माझ्यावर आले. रेकॉर्डिंगवाल्याचे हात, कुठे किती दाबायचं ते त्यांना माहीत होतं. मी जीव ओतून गात होतो. खुर्ची वाजली, आणि तेवढ्यात दारावरची घंटाही वाजली. डॉक्टर नवी ट्यूब घेऊन आले होते. मालकाने मला वडिलांच्या डोक्यावरून उचललं आणि म्हणाला, "एक मिनिट हं बाबा." तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. त्या दिवशी माझी तार तुटली असती तर बरं झालं असतं.

पुढे टीव्हीचा आवाज वाढत गेला. वडील दारात यायचे थांबले, कारण माझं सांडलेलं आता त्यांच्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं. कानाला यंत्र आलं. रविवारची मंडळी मात्र चालूच. ज्या घरात एका माणसाचे कान रोज थोडे थोडे विझत होते, त्याच घरात तीन माणसं पूर्ण धडधाकट कान घेऊन खुर्चीचा कीस पाडत होती.

शेवटी सूनबाई बोलली. ती सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. आल्या आल्या खोलीच्या दारातच उभी राहिली आणि मालकाला म्हणाली, "डावा कान गेल्यात जमा आहे. उजवाही त्याच वाटेवर आहे म्हणाले. त्यांना ते गाणं आज ऐकवा. रविवारची वाट बघू नका."

मालकाचं तोंड उतरलं. त्याने वडिलांना हात धरून आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांच्या कानातलं यंत्र माझ्याखाली शिट्टी मारायला लागलं, म्हणून त्यांनी ते काढून खिशात टाकलं. आणि मालकाने काय करावं? काचवाल्याचं बटण दाबलं आणि म्हणाला, जरा तापू दे. सगळ्यात चांगलं तेच ऐकवायचं होतं त्याला, हे मला कळत होतं. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा माणूस मला डोक्यावर घेऊन मुकाट बसला होता, आणि आम्ही सगळे एका काचेची वाट बघत होतो.

मग गाणं सुरू झालं. खुर्ची वाजली. सवयीने मालकाचा हात थांबवायला पुढे गेला आणि मागे आला. मी पहिल्यांदा पुढे गेलो. दुसऱ्या कडव्यात ती थोडी वर जाते, मध्ये एक ओळ विसरते, नुसतं गुणगुणून वेळ मारून नेते आणि स्वतःशीच हसते. खुर्ची एका लयीत चालूच राहते. शेवटी शेवटी ती इतकी हळू गाते की मलाच माझा पडदा हलतोय की नाही कळेना. वडिलांनी डोळे मिटले होते. त्यातलं त्यांना किती पोचलं, ते त्यांच्या कानांनाच माहीत.

गाणं संपलं. मालकाने पुन्हा हात पुढे केला. वडिलांनी न बघता त्याचं मनगट धरलं.

कारण टेप संपलेली नव्हती. खुर्ची वाजत होती. आणि मग ती बोलली, मायक्रोफोनपासून तोंड वळवून, अगदी खालच्या आवाजात. मी ऐकलं. माझ्याकडे होतं तेवढं सगळं मी त्यांच्या कानात ओतलं. वडिलांनी विचारलं, "बोलली का?"

मालकाला काही कळेना. त्याने मला त्यांच्या डोक्यावरून काढलं, स्वतःच्या डोक्यावर घातलं, गाणं थोडं मागे नेलं आणि ऐकलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शेवटपर्यंत. त्याच्या कानशिलाची शीर माझ्या गादीखाली उडत होती.  मग एकदम उठला, माझी वायर काचवाल्यातून उपटली, काळ्या डब्यात खुपसली, कारण आवाज खूप वाढवला की काचवाला गुणगुण करतो आणि हा गप्प राहतो. मला वडिलांच्या कानांवर ठेवून त्याने बटण पांढऱ्या रेघेच्या पुढे नेलं, आणखी पुढे नेलं. मी अक्षरशः ओरडत होतो. खोलीभर सांडत होतो.

"बोलतेय," वडील म्हणाले. "शब्द लागत नाहीत. काय म्हणतेय?"

हे ऐकायला मी जन्मलो होतो का? हा माणूस दारात उभा राहून मागत होता तेव्हा त्याला शब्द लागत होते. तेव्हा मी साध्या आवाजात, कुठल्याही डब्यावर, सगळं ऐकवलं असतं.

मालक खाली गुडघ्यांवर बसला. माझी उजवी वाटी त्याने बाजूला सारली, वडिलांच्या कानाला तोंड लावलं आणि मोठ्याने एकेक शब्द सांगितला, "अहो, झोपला बघा. बंद करा ते आता. मी काही उठत नाही, खुर्ची थांबली की लगेच डोळे उघडतो."

झोपलेला तो मुलगा म्हणजे हाच. आई याला मांडीवर घेऊन मागेपुढे डुलत होती, म्हणून ती खुर्ची वाजत होती. ज्या करकरीवर यांनी इतके रविवार घालवले, ती याच्याच वजनाची होती.

वडिलांनी मान हलवली. त्यांना पाठच होतं ते. मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ओरडतोस काय. ती हळू बोलली होती. तू उठला असतास."

मालक तिथेच, त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून, बराच वेळ रडला. मी मात्र रडलो नाही. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही.

पुढच्या रविवारी मंडळी आली. मालकाने दोघांना एकामागून एक बसवलं आणि शेवटपर्यंत ऐकायला लावलं. डॉक्टरांनी सवयीने मध्येच हात वर केला, तर त्याने त्यांना खाली बसवलं. ऐकून झाल्यावर डॉक्टरांनी मला हळूच स्टँडवर ठेवलं. त्यांचे डोळे ओले होते. आणि तरीही त्यांनी विचारलं, "हे कशावर लावलं होतंस?"

"लक्षात नाही," मालक म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि वकिलांनीही पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.

आता वडील रोज दुपारी या खोलीत येतात. यंत्र खिशात ठेवतात, मला डोक्यावर घेतात. गाणं त्यांना ऐकू येत नाही, तिचा आवाज येत नाही. फरशीवरचा तो दबका ठोका तेवढा येतो. त्याच्यासोबत ते बोटाने गुडघ्यावर ताल धरतात आणि ज्या ओळीला ती हसते तिथे हसतात. मी रोज शेवटपर्यंत गातो, शेवटचं वाक्यही सोडत नाही.

तुम्ही भांडा हवं तेवढं, काचेवर भांडा, डब्यावर भांडा, माझी हरकत नाही. पण दारात कुणी उभं असेल तर आधी मला त्याच्या कानांवर ठेवा. त्याला ऐकू येतंय तोवर ठेवा.