रिकामा ओटा

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतलं जुनं विहार शेवंताबाईच्या नवऱ्यानं, आनंदरावनं, यार्डातल्या सोबत्यांना घेऊन ड्युटीनंतर राबून बांधलं होतं. पुढे रस्त्यालगत मोठं विहार झालं आणि बुद्धपौर्णिमेला मूर्ती वाजतगाजत तिकडे गेली. जुन्या हॉलात उरला तो मूर्तीचा सिमेंटचा ओटा.

आनंदराव जाऊन सहा वर्षं झाली होती. समितीनं ठरवलं, ही जागा आता सगळ्या वस्तीच्या कामी यावी. सकाळी मुलांचा अभ्यास, दुपारी बायांचं शिवणकाम, शनिवारी लकव्याच्या पेशंटचा व्यायाम. टेबलं घडीची आणली, मधे तारेवर पडदा लावला. व्यायाम घेणार होती शेवंताबाईची फिजिओथेरपी शिकलेली नातच, दीक्षा.

"आजी, ओटा तोडून टाकू ना. जगह कम पडते," ती म्हणाली.

"तुह्या आज्यानं आपल्या हातानं घोटला हाय तो!" शेवंताबाईनं ओट्यावर पांढरं कापड अंथरलं आणि कोणी टेकायचं नाही म्हणून बजावलं.

पहिल्या शनिवारी सत्यभामा नवऱ्याला ऑटोतून घेऊन आली. शालिकराम स्टील प्लांटच्या भट्टीवरून रिटायर झालेला. आठ महिन्यांपासून डावी बाजू लुळी.

"घरात दोन खाटांमधी चालाले जागाच नाही, ताई," सत्यभामा म्हणाली.

दीक्षानं त्याला उभं केलं आणि हळूच हात सोडला. एक पाऊल, दोन, पाच. ओट्याजवळ त्याचा गुडघा थरथरला. आधारासाठी त्यानं हात पुढे केला, पण कापड दिसताच मागे घेतला.

"देवाची जागा हाय," तो पुटपुटला आणि त्याची झोकांडी गेली.

शेवंताबाई धावली. एका हातानं त्याला सावरलं, दुसऱ्यानं कापड ओढून काढलं. "बसा भाऊ. बसा म्हनते ना!"

तो बसला. धाप लागली होती, डोळे भरले होते. "आठ महिन्यांत पयल्यांदा आपल्या पायानं कुठं पोचलो, ताई."

त्याच कापडानं शेवंताबाईनं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. मग दीक्षाकडे वळून म्हणाली, "तुहा आजा असता तर त्यानं पयलेच बसवलं असतं. मलेच उशिरा समजलं."

ओटा तुटला नाही. त्याला एक पायरी जोडली, भिंतीला पाइपाचा कठडा बसला, आणि पेशंट तिथंच चढउतर करू लागले. दिवाळीपर्यंत शालिकराम काठी टेकत एकटाच येऊ लागला. व्यायाम आटोपला तरी त्याला घरी जायची घाई नसायची. शेवंताबाईशेजारी ओट्यावर बसून तो आपल्या भट्टीच्या गोष्टी सांगायचा, ती आनंदरावच्या.