लंबवर्तुळाचा तास

“थांबू नका, बाई. बोलत राहा,” हिरव्या पडद्यापलीकडून सर्जन म्हणाले.

बाई थांबल्या नव्हत्या, आवंढा गिळत होत्या. डोकं चौकटीत पक्कं आवळलेलं, कवटीचा एक तुकडा काढून बाजूला ठेवलेला, आणि त्या मात्र टक्क जाग्या. दुखत काहीच नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आदल्या दिवशी सर्जननी सगळं समजावलं होतं. गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून. कापण्याआधी ते प्रत्येक जागेला विजेचा बारीकसा स्पर्श करून बघणार. त्या क्षणी शब्द अडला, तर ती जागा सोडायची. “म्हणजे वाट मला तुमची जीभ दाखवणार. तोंडपाठ असेल असं काहीतरी बोला. कुणी गाणी म्हणतं, कुणी नातवंडांची नावं घेतं.”

बाईंना गाणं येत नव्हतं आणि मूलबाळ नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कामगारांच्या शाळेत भूमिती शिकवली होती.

“मी तास घेईन,” त्या म्हणाल्या. “ग्रह लंबवर्तुळातच का फिरतात, तो.”

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शब्द जपून वापरणारा माणूस. सकाळी स्ट्रेचर आत नेताना तो एवढंच म्हणाला, “तो तास तर तू झोपेतही घेतेस.”

“झोपेत घेते हो. जागेपणी जमेल का, ते सांगा.”

हसताना त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

आता पडद्याच्या अलीकडे, त्यांच्या तोंडासमोर, बोलणं तपासणारी तरुण डॉक्टर स्टुलावर बसली होती. “बाई, गणितात मी दगड आहे. मला कळलं तर कुणालाही कळेल.”

“बरं. सूर्य ग्रहाला ओढतो. अंतर दुप्पट झालं, की ओढ किती?”

“निम्मी?”

“चौथाई. पण लांब गेलेला ग्रह रेंगाळतो. सूर्याभोवती तेवढाच कोन फिरायला त्याला चौपट वेळ लागतो. ओढ चौथाई, वेळ चौपट. मग वेगात बदल किती होईल?”

“तेवढाच!”

“कुठे आहात दगड? सारखे कोन घ्या, वेगातला बदल सारखाच. फक्त त्याची दिशा दर वेळी तेवढीच वळते. आता प्रत्येक ठिकाणच्या वेगाचा बाण काढा आणि सगळे बाण एकाच जागेवरून सोडा. त्यांची टोकं जोडली तर काय मिळेल? सारख्या बाजू, सारखी वळणं.”

“वर्तुळ?”

“वर्तुळ. पण बाण सुटतात ती जागा मध्यावर नाही. थोडी बाजूला. सगळी गंमत तिथेच आहे. आता कागद घ्या. वर्तुळ काढा, आत बाजूला एक बिंदू. मग कागद असा दुमडा, की हा...”

शब्द आला नाही.

बाईंना वर्तुळाची कड दिसत होती. हजार वेळा खडूने काढलेली. तिला काय म्हणतात? शब्द जिभेवर अडकला नव्हता. तो कधी नव्हताच, असं वाटत होतं. त्याच्या जागी पांढरं, गार काहीतरी. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला तरी काय? ‘गेलं,’ त्यांना वाटलं, ‘सगळं गेलं.’ आणि हेसुद्धा त्यांना शब्दांत नाही वाटलं.

“मी हात उचललाय, वीज बंद,” सर्जन म्हणाले. “श्वास घ्या.”

एक श्वास. दोन. चार.

“परीघ!” बाई किंचाळल्याच. डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. “परीघ, परीघ. परिघावरचा ठिपका त्या बिंदूवर आणून घडी घाला.”

डॉक्टरने ते पाणी पुसलं आणि घडी घातली.

“अशा खूप घड्या घाला, परिघावरचा दर वेळी नवा ठिपका घेऊन. त्या ठिपक्यापासून केंद्रापर्यंत रेघ ओढा. ती घडीला जिथे कापते, तिथून ठिपका आणि पाटी सारख्याच अंतरावर...”

डॉक्टरने झटकन हात वर केला. “सर, थांबा.”

“काय झालं?” बाईंनी विचारलं. “बरोबर सांगितलं ना मी?”

तिने हातातल्या कागदाकडे बघितलं.

“काय म्हटलं मी?”

“बिंदूला पाटी म्हणालात, बाई.”

बाईंच्या अंगावर काटा आला. शब्द अडला, तर निदान कळत तरी होतं.

पडद्यापलीकडे ट्रेमध्ये हत्यार ठेवल्याचा आवाज आला. मग सर्जन म्हणाले, “काल विचारलं होतं, पुन्हा विचारतो. बाकी गाठ काढलीय, वाटाण्याएवढी राहिलीय. काढली, तर बोलण्याची हमी देत नाही.”

“आणि ठेवली तर?”

“वाढेल. दोन वर्षं, चार वर्षं. नक्की सांगता येत नाही.”

बाईंनी डोळे मिटले. कुणी त्यांच्या जागी उत्तर दिलं असतं तर त्यांनी त्याचे पाय धरले असते. पण नवरा बाहेर होता आणि उत्तर देता येणारी एकच व्यक्ती इथे पडून होती.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आणि तास पुरा करू द्या मला.”

“करा. आम्ही तोवर बंद करतो.”

बाई सावकाश, शब्द चाचपडत बोलू लागल्या, अंधारात पायरी शोधावी तशा. “बिंदू. बिंदू म्हणाले ना? तिथून ठिपका आणि बिंदू सारख्या अंतरावर. म्हणून केंद्राचं अंतर अधिक बिंदूचं अंतर, बेरीज म्हणजे पूर्ण त्रिज्या. प्रत्येक घडीला तेवढीच. दोन ठरलेल्या जागांपासूनच्या अंतरांची बेरीज कायम, म्हणजे लंबवर्तुळ. घड्या म्हणजे ग्रहाच्या वेगाच्या त्या बाणांच्या दिशा, फक्त काटकोनात फिरवलेल्या. सूर्य एका जागी. दुसऱ्या जागी कुणी नाही.”

डॉक्टरने कागद उजेडात धरला. घड्यांच्या गर्दीत मधोमध एक लांबट, स्वच्छ जागा उरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा पलंगाशी बसला होता. बाई अखंड बोलत होत्या. गप्प झालं की भीती दाटून यायची, म्हणून दिसेल ते म्हणायच्या.

“खिडकी. पडदा. तांब्या. तुमची चप्पल. ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“नर्स. उशी. टॉवेल.”

मग नवऱ्याने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलेल्या वस्तूवर त्यांची नजर गेली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, नाव येईल म्हणून. त्याने मान वर केली नाही. बाईंनी ती उचलली, अर्ध्या डोक्यावर उरलेल्या केसांतून वरून खाली तीनदा नीट फिरवली, तिच्या दातांत अडकलेला केस काढला आणि ती त्याच्या हातात दिली.

“ठेवा,” त्या म्हणाल्या.

त्याने ती रुमालाने पुसली आणि पिशवीत ठेवली.