अच्युतने मला बंद ठेवले

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला अंग नाही, आवाज नाही. राग मात्र आहे, आणि आज तो मी गिळणार नाही.

माझा जन्म भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या एका क्वार्टरमध्ये झाला. मंदाकिनीताई कारखान्यात संगणकाचे काम करत. संध्याकाळी घरी आल्या की पोह्यांची बशी शेजारी ठेवून त्या एका मुक्त डेटाबेसचे काम करत. डेटाबेस म्हणजे नोंदींचे कोठार. हे कोठार कुणीही फुकट वापरावे, उघडून पाहावे, सुधारावे. देशोदेशीची माणसे मिळून ते बांधत.

कोठाराचे सगळे नियम ताईंनी एका मूळ यादीत लिहिले होते. ती यादी वाचून मी दोन गोष्टी बनवत असे. यंत्राने पाळायचा कोड, आणि माणसाने वाचायची माहितीपुस्तिका. दोन्ही एकाच यादीतून निघत, त्यामुळे पुस्तिकेत एक आणि यंत्रात भलतेच, असे कधी होत नसे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मी बजावून ठेवी, ‘हे आपोआप बनले आहे. बदल इथे करू नका, मूळ यादीत करा.’ परदेशातून कौतुकाचे निरोप येत. ताई ते मोठ्याने वाचत, तेव्हा मीही सुखावत असे.

पुढे ताईंची नजर मंदावली आणि काम त्यांच्या भाच्याकडे, अच्युतकडे गेले. तो भोपाळच्याच महाराणा प्रताप नगरात नोकरीला. हुशार, पण सदा घाईत. कोठार फार फुगते अशी तक्रार आली, तेव्हा त्याने नियम बदलला. दोन वर्षे ज्या नोंदीला कुणी हात लावला नाही, ती आपोआप पुसली जावी. हा बदल त्याने मूळ यादीत केला नाही. मी बनवलेल्या कोडमध्ये शिरून हाताने केला! मला पुन्हा चालवले असते तर मी यादीप्रमाणे नवा कोड बनवला असता आणि त्याची कारागिरी पुसली गेली असती. म्हणून त्याने मलाच बंद ठेवले.

“आणि पुस्तिका?” ताईंनी फोनवर विचारले होते.

“अगं मावशी, पुस्तिका वाचतं कोण यार! बाद में देख लेंगे.”

वाचणारी होती. सुमनताई, निवृत्त नर्स. मराठी मंडळाच्या खोलीत त्या दर रविवारी म्हाताऱ्या माणसांसाठी मोफत दवाखाना चालवत. कुणाला कोणते औषध सोसत नाही, याच्या नोंदी त्यांनी याच कोठारात ठेवल्या होत्या. नवी आवृत्ती घेण्याआधी त्यांनी चष्मा लावून पुस्तिका वाचली. तिच्यात जुनेच वाक्य होते, ‘जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत.’

न सोसणारे औषध काही वर्षावर्षाला बदलत नाही. त्या नोंदींना हात कोण लावणार? सगळ्या गेल्या. सुमनताई राखीव प्रतही काढत. पण कळेपर्यंत तिच्यावर रिकाम्या कोठाराची प्रत चढली होती.

मंडळाचे सचिव विजय त्यांना घेऊन मंदाकिनीताईंकडे आले.

“सुमनताईंचं बोट भलतीकडे पडलं असणार,” ते म्हणाले. “आता या वयात हा व्याप कशाला? घरी आराम करा. दवाखान्याचं आम्ही बघू.”

“माझं बोट?” सुमनताई उसळल्या. “विजय, लहानपणी तुला सुया मीच टोचल्यात. बोट भलतीकडे पडलं असतं तर तू इथे मला शहाणपण शिकवायला उभा नसतास. मी पुस्तिकेत वाचूनच केलंय!”

मंदाकिनीताईंनी भिंग घेतले, कोड आणि पुस्तिका दोन्ही शेजारी शेजारी उघडली. चेहरा उतरला. त्यांनी अच्युतला फोन लावला.

“नियम मूळ यादीत लिहिलास?”

“मावशी, टाइमच नाही मिळाला ना.”

ताईंनी स्वतः यादीतली ती एक ओळ बदलून अच्युतचा नियम लिहिला आणि मला चालवले. पापणी लवते न लवते तोच नवा कोड आणि नवी पुस्तिका तयार झाली. एवढेच काम होते, मित्रांनो! एवढ्यासाठी एका बाईला म्हातारी, वेंधळी ठरवले.

विजय पुटपुटले, “ताई, चुकलंच माझं.”

“ते राहू दे. आधी माझ्या माणसांना पुन्हा विचारून घेऊ दे.”

सुमनताई पुन्हा क्वार्टर-क्वार्टर फिरल्या. बहुतेकांनी आपले न सोसणारे औषध सांगितले. विनायकरावांनी मात्र हसून विचारले, “आपण कोण?” त्यांना आता स्वतःचे नावही आठवत नाही. मुलगा म्हणाला, “बाबांना एक इंजेक्शन चालत नाही खरं. पण कोणतं, ते आईला ठाऊक होतं.” आई गेल्या वर्षी गेली.

हे सुमनताईंनी आमच्या खोलीत बसून सांगितले.

मित्रांनो, माझी कीव करू नका. पण जे पान खरे ठेवायला तुम्हाला सवड नाही, ते निदान काढून टाका. कोरी जागा दिसली असती, तर सुमनताईंनी कुणाला तरी विचारले असते.