शेवटचे तीन भाग

शरदचंद्र बिडवे यांनी त्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि ते मराठीत नाही असं त्यांना वाटलं. तेलुगू असेल, कन्नड असेल, कुणा शेजाऱ्याचा अंक चुकून आपल्या दारात पडला असेल, म्हणून त्यांनी बायकोला हाक मारली. उषाबाईंनी अंक हातात घेतला, मग नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"अहो, आपलाच आहे की पेपर."

दवाखान्यात कळलं की पहाटे कधीतरी झोपेतच मेंदूतली रक्ताची गुठळी आपलं काम करून गेली होती. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत, समज शाबूत. अक्षरं ओळखणारी जागा तेवढी गेली होती आणि उजव्या बाजूचं दिसणं गेलं होतं. डॉक्टरांनी कागद पुढं केला, नाव लिहा म्हणाले. बिडवे सरांनी वळणदार अक्षरात नाव लिहिलं. डॉक्टर म्हणाले, "आता वाचा." सर कागदाकडं बघत राहिले. स्वतःच्या हातानं आत्ता लिहिलेलं, आणि एक अक्षर ओळखू येईना.

परभणीच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं मराठी शिकवलेला हा माणूस. कादंबरी हातात घेतली की जेवणाचं ताट निवून जायचं. निवृत्तीनंतर मुलीनं, अनुष्कानं, भूगावात फ्लॅट घेतला आणि आईवडलांना आणलं, तेव्हा सामानाच्या टेम्पोत भांड्यांपेक्षा पुस्तकांची खोकी जास्त होती. आता ती भिंतभर कपाटात उभी होती आणि सर त्यांच्याकडं पाठ करून बसायचे. अनुष्कानं फोनमध्ये कादंबऱ्या ऐकायची सोय करून दिली. दोन दिवस त्यांनी ऐकलं, मग फोन पालथा घातला. "मी जिथं थांबलो असतो तिथं हा वाचणारा बाबा थांबतच नाही," म्हणाले.

आठ महिने असे गेले. मग एका प्रतिज्ञापत्रासाठी पौडला तहसील कचेरीत जावं लागलं. बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा देवू नावाचा माणूस टेबल टाकून बसला होता. सरांनी सही केली आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.

"वर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवता का?"

देवूनं सहीकडं पाहिलं. "सही तर लई झ्याक हाय की. मंग मला कशापायी वाचाया सांगताय?"

"मला वाचता येत नाही."

"लिवता येतंय आन् वाचता येत न्हाई? आसं कुटं आस्तं व्हय?" तो हसला. सर हसत नाहीत म्हटल्यावर तो वरमला आणि एकेक शब्द मोठ्यानं, सावकाश वाचू लागला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "कळलं का बाबा? कळलं न्हाई तर पुन्यांदा सांगतो."

संध्याकाळी अनुष्का ऑफिसातून आली, अजून हेल्मेटही खाली ठेवलं नव्हतं, तोच सरांनी विचारलं, "तुझी ती जपानी चित्रांची पुस्तकं असायची ना शाळेत असताना? तसलं काही मिळेल का इथं?"

अनुष्का जागच्या जागी थांबली. "मांगा?"

"तेच. चित्रं कळतात मला."

"मिळेल," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी तिनं एक आणून दिलं. एका म्हाताऱ्या न्हाव्याची गोष्ट होती. कसं धरायचं, कुठून सुरू करायचं ते तिनं दाखवलं: मागच्या बाजूनं उघडायचं, चौकटी उजवीकडून डावीकडं. सरांची उजवी बाजू अंधारी होती. मराठी ओळीत नजर पुढं सरकली की काळोखात जायची. इथं ती दिसणाऱ्या बाजूकडं सरकत होती. पहिल्या दिवशी चार पानं झाली, दुसऱ्या दिवशी वीस. पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतलं इंग्रजी त्यांना मुंग्यांसारखं दिसायचं, पण गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवून थांबलेल्या त्या हाताला अक्षरांची गरज नव्हती. असल्या एका हातासाठी आपण वर्गात अर्धा तास बोललो असतो, असं त्यांच्या मनात आलं. लगेच दुसरं काहीतरी आठवलं आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

आठवलं ते परभणीतलं होतं. अनुष्का दहावीत. सराव परीक्षेत मार्क घसरले, आणि गादीखाली ही असली पुस्तकं सापडली. त्यांनी सरळ बाजूनं, म्हणजे उलटं, एक उघडलं, तर समुद्रकाठी ओळीनं निजवलेली प्रेतं. शिक्षकाच्या घरात ही घाण? खऱ्या साहित्यावर त्यांनी मुलीला तासभर सुनावलं आणि ती शाळेत गेल्यावर सगळी पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन टाकली. ती रडली नव्हती. अद्दल घडली, असं त्यांनी तेव्हा धरलं होतं.

"ती तुझी समुद्राची गोष्ट होती ना," पुढच्या शनिवारी जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला, "ती आण की. आता नीट बघतो."

"ती नको."

"का? मिळत नाही?"

"मिळते. पण नको, बाबा."

"मी तेव्हा टाकली म्हणून रागावलीस अजून?"

उषाबाई मध्ये पडल्या, "जाऊ द्या हो." पण अनुष्कानं खुर्ची ओढली आणि वडलांच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसेल अशी बसली.

"ती माझी नव्हती. मोनालीची होती."

मोनाली म्हणजे तिच्या बाकावरची मैत्रीण. दहावीच्या वर्षीच रक्ताच्या कर्करोगानं गेलेली. सरांना ती आठवत होती. तिला शेवटचं पोचवायला ते स्वतः गेले होते.

"तिच्या मामानं पाठवली होती. नऊ भाग होते. सहा आम्ही दोघींनी मिळून वाचले. मग तिला मुंबईला दवाखान्यात नेलं. जाताना सगळे माझ्याकडं ठेवून गेली. म्हणाली, शेवटचे तीन मी आल्याशिवाय वाचायचे नाहीत. मी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते."

"मला सांगायचंस."

"सांगत होते. तुम्ही बोलत होता." तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. तिनं निरोप धाडला, पुस्तकं घेऊन ये. दोनदा धाडला. काय घेऊन जाऊ? मी गेलेच नाही. बावीस दिवस होती ती घरी. दोन गल्ल्या सोडून."

मोनाली गेली त्या दिवशी सरांनी याच मुलीला दाराशी उभं करून विचारलं होतं, बाकावरची मैत्रीण गेली आणि तू स्मशानातही येत नाहीस, तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही, कसल्या काळजाची आहेस? तेव्हा ती गप्प होती. त्या गप्प राहण्याची त्यांनी पुढं नातेवाइकांत चर्चाही केली होती.

"नाव काय त्या पुस्तकाचं?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं आणि ताटं उचलली.

सरांनी ते नाव कागदावर उतरवलं. बरोबर लिहिलं की चूक, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. उषाबाईंनी तो कागद वरच्या मजल्यावरच्या दिग्विजयला दिला आणि त्यानं ऑनलाइन नऊही भाग मागवले. अनुष्का ऑफिसला गेली की सर खिडकीशी बसायचे. समोरच्या प्लॉटवर नव्या इमारतीचा पाया खणत होते, दिवसभर यंत्राचा दणका चालायचा. गोष्ट एका पाणबुड्याची होती. त्याची धाकटी बहीण समुद्रात गेलेली. तिला शोधायला तो रोज खाली उतरतो आणि दरवेळी दुसऱ्याच कुणाचं तरी प्रेत घेऊन वर येतो. काठावर त्या त्या माणसाची आई, नवरा, मुलं वाट बघत असतात. ओळीनं निजवलेली ती प्रेतं म्हणजे पाणबुड्यानं ज्यांना घरी पोचवलं ते लोक होते. सहावा भाग संपला तेव्हा सरांनी दोन दिवस पुढचा हातात घेतला नाही. दोन पोरी इथवर आल्या होत्या. आपल्याला पुढं जायचा काय अधिकार, असं त्यांना वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सातवा उघडला.

बाराव्या दिवशी गोष्ट संपली. त्या संध्याकाळी अनुष्का लवकर घरी आली. नऊ भाग टेबलावर एकावर एक रचलेले होते. तिनं ते पाहिले. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून ती उभी राहिली.

"कुणी मागवले?"

"मी."

"वाचले?"

"बघितले. सगळे."

ती खिडकीकडं वळली. सरांच्या उजव्या बाजूला गेल्यामुळं ती त्यांना दिसेनाशी झाली, म्हणून त्यांनी मान पूर्ण फिरवली. आयुष्यभर या माणसानं भेटेल त्याला कादंबऱ्यांचे शेवट न विचारता सांगितले होते. आता ते तोंड मिटून बसले.

"सापडते का ती?" तिनं विचारलं. "बहीण?"

सरांनी शेवटची पानं मनात पुन्हा उलटली. म्हातारा झालेला पाणबुड्या वर येतो. हात रिकामे. सहा पानं नुसतं पाणी, एकही फुगा नाही. खोटं सांगणं सोपं होतं. ती उघडून बघणार नाही, हेही त्यांना दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले. "नाही सापडत."

अनुष्कानं मान हलवली. "तिची पैज होती सापडते म्हणून." मग ती म्हणाली, "बरं झालं, तिला कळलं नाही."

आणि मग, तेरा वर्षांनी, ती रडली. उभ्यानंच, खिडकीचे गज धरून. उषाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकल्या. सर चाचपडत उठले, टेबलाच्या कोपऱ्याला मांडी आपटली, तिच्यापर्यंत गेले. पण खांद्यावर हात ठेवायचं धाडस झालं नाही.

"अनू, माझं चुकलं. फार चुकलं."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"हो, बाबा," ती म्हणाली. "चुकलं."

ती आत हातपाय धुवायला गेली. मग पानं मांडली. तिघं जेवली. आमटीत मीठ कमी होतं, तेवढं उषाबाई बोलल्या. जेवताना सर डाव्या बाजूला बसलेल्या मुलीकडं बघत होते आणि ती ताटातून मान वर काढत नव्हती.