खाली फेकलेली किल्ली

माझ्या अंगात फार ताकद आहे, हे मला आरशाने कधी सांगितलं नाही, लोकांनीच सांगितलं. आम्ही मुरुडचे सिद्दी. पूर्वज आफ्रिकेतून आले, रंग आणि केस अजून तिकडचे, बाकी आम्ही पुरते कोकणी. गल्लीत कुणाचं काही जड उचलायचं असलं की हाक मला. वजीराला काय होतंय, ती नेईल. श्रीवर्धनच्या इक्बालचं स्थळ आलं तेव्हा त्याच्या आईने माझ्या रंगावरून नाक मुरडलं, पण शेवटी म्हणाली, पोरगी कामाला वाघ आहे. तिला बैल म्हणायचं होतं.

इक्बाल मस्कतमधल्या रुवीत टायरच्या दुकानात होता. आम्ही राहायचो डोंगराआड, अल अमेरातला, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. थोरली उमामा आणि मधला हमझा यांच्यानंतर तौहीद झाला तो मस्कतमध्येच. आमच्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस कुणी पाण्यात हात घालू देत नाही. तेल, शेक, खसखशीची खीर आणि दार लोटून झोप. पण माझी आई कधीच गेलेली, आणि सासूचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले. हॉस्पिटलातून आले त्या दिवशी घरातला गॅस संपला होता. भरलेला सिलिंडर जिन्यावरून मीच वर चढवला. इक्बाल मागून म्हणाला, "सांभाळून गो, भिंतीला लागंल." भिंतीची काळजी त्याला.

तौहीद पाच महिन्यांचा होईपर्यंत मला धड झोप नव्हती. मग हात बिघडले. डोक्यात कुणी बोलत नव्हतं, भूतबित काही नव्हतं. पोर रडायला लागलं की हातांत एक आग उतरायची आणि डोळ्यांसमोर चित्र यायचं: मी त्याला उचलते आणि फरशीवर आपटते. एकदा हमझाने दूध सांडलं. मी हातातलं कुकरचं झाकण फेकलं. ते त्याच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीचा पोपडा उडाला. तीन वर्षांचं पोर, पोपड्याकडे बघत राहिलं.

त्या संध्याकाळी मी इक्बालला सरळ सांगितलं, "मला पोरांजवळ एकटी ठेवू नका. माझ्या हातून कायतरी होईल."

तो हसला. "तुला काय होतंय? माझ्या आईने सात काढली नि पाटीभर मासळी डोक्यावर घेऊन बाजारात गेली. तुमी तर हबशी लोक, तगडे."

मी परत सांगितलं तेव्हा त्याने थोबाडीत मारली. माझ्या हाताची भीती मी सांगत होते आणि उत्तर त्याच्या हाताने दिलं. नंतर दवाखान्यात नेलं खरं. डॉक्टरने माझे दंड बघितले, इक्बालला म्हणाला, ये तो एकदम स्ट्राँग है, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. मी शिवणकाम करायचे. माझ्याकडून ब्लाउज शिवून घेणाऱ्या रेखाताईंना सांगून बघितलं, मूळच्या पुण्याकडच्या, राहायला अल् घुब्राला. त्या म्हणाल्या, "अगं, स्वतःसाठी वेळ काढत जा. मी बघ, रोज सकाळी योगा करते." आणि अर्जंट म्हणून सहा ब्लाउज माझ्या हातात ठेवले. सांगणाऱ्याचं काय जातं?

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, बी शम्सा. बी म्हणजे त्यांच्यात बाई. तिचे आईबाप झांझिबारहून ओमानला परतलेले. माझ्यासारखीच काळी, माझ्यासारखेच केस. पहिल्या दिवशी ती माझ्याशी भराभर स्वाहिलीत बोलली आणि मी हिंदीत उत्तर दिल्यावर जिन्यावर बसून हसत सुटली, मग तीही मोडक्या हिंदीवर आली. तिचं डावं मनगट वाकडं होतं, लहानपणी मोडून तसंच जुळलेलं. ते कसं मोडलं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

दोन हजार सातच्या जूनमध्ये गोनू वादळ आलं. दुकानातला माल वर चढवायला म्हणून इक्बाल आदल्या दिवशीच रुवीला गेला होता. सकाळी वाडीला, म्हणजे घराजवळच्या ओढ्याला, पूर आला. एरवी त्या कोरड्या ओढ्यातून शेळ्या फिरायच्या, आता गाड्या वाहत चालल्या होत्या. रस्ता तुटला, फोन बंद, वीज गेली. वारा घराला धडका देत होता. दुपारी हॉलच्या खिडकीची जाळी उपटली गेली, काच फुटून आत आली आणि पाण्याने गादी भिजली. हमझा काचेवर पाय देऊन किंचाळत होता. तौहीद तर पहाटेपासून रडत होता. आधीच मी अशी, त्यात हे.

मी तौहीदला उचललं, एका दंडाला धरून, पिशवी उचलावी तसं. खिडकीकडे चालायला लागले. आता नुसतं चित्र नव्हतं, पाय खरोखर चालत होते. खिडकीला काच नव्हती, जाळी नव्हती, खाली पाण्यात बुडालेलं अंगण. उमामाने माझ्या पायाला मिठी मारली. "मम्मी, डोन्ट! मम्मी, प्लीज!" मी लाथ झाडली. ती टेबलाच्या कडेवर आपटली, ओठ फुटला आणि शाळेच्या शर्टावर रक्त आलं. तरी उठून तिने पुन्हा पाय धरला.

त्या पोरीचं तोंड बघून मी थांबले. किती वेळ थांबता येईल ते मला ठाऊक नव्हतं. तौहीदला तिच्या हातात दिलं, हमझाला बखोटीला धरून तिघांना बेडरूममध्ये ढकललं, बाहेरून कुलूप लावलं. नाडी बांधलेली किल्ली घेऊन खिडकीशी आले. बी शम्सा खाली गुडघाभर पाण्यात उभी राहून, पाणी जोत्यावर चढू नये म्हणून, अंगणाचं फाटक उघडत होती. मी ओरडले, "बी! चाबी पकडो! मैं मारूँगी बच्चों को. मैं माँगूँ तो भी मत देना!" आणि किल्ली खाली फेकली.

तिने का, कसं, काही विचारलं नाही. वाकून पाण्यात हात घातला, किल्ली शोधली, गळ्यात टाकली आणि वर यायला लागली.

ती वर पोचेपर्यंत बेडरूममधलं रडणं थांबलं. एकदम. मला वाटलं, दंड धरून उचलला तेव्हाच काहीतरी मोडलं, तौहीद मेला. मी दारावर धडका मारल्या, लाकडी स्टूल घेऊन दाराची फळी फोडायला लागले. शम्सा मध्ये येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"चाबी दे," मी म्हटलं.

"नहीं."

"मेरा बच्चा मर गया अंदर. चाबी दे."

"तूने बोला, मत देना. नहीं देगी मैं."

मी तिला स्टुलाने मारलं. खांद्यावर, मग तोंडावर. तिचा दात तुटून माझ्या पायाशी पडला. गळ्यातली किल्ली ओढायला गेले, तर तिने ती तोंडात धरली, रक्तासकट. मी तिचे केस उपटले, गळा दाबला, आईवरून शिव्या दिल्या. ज्या ताकदीचं जन्मभर कौतुक झालं, ती सगळी मी त्या बाईवर काढली. तिने हात उगारला नाही आणि ती दारापासून हललीही नाही. शेवटी माझा पाय ओल्या फरशीवरून घसरला, तशी ती माझ्या छातीवर बसली. धिप्पाड बाई. मी लाथा झाडत राहिले. ती नुसती बसून होती.

मग आतून उमामाचा आवाज आला, अडखळत, एकेक शब्द मराठीत जुळवत. "मम्मी, तौहीद... झोपला. मी त्याला बोट दिलं. तू पण झोप."

मी रडायला लागले. बाळंतपणापासून पहिल्यांदा. शम्साने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मी झोपल्यावर तिने दार उघडून तिन्ही पोरं खाली नेली आणि माझ्या मजल्याला बाहेरून कडी घातली.

पाणी ओसरल्यावर इक्बाल डोंगरातून चालत आला. तुटलेली फळी बघितली, शम्साचं सुजलेलं तोंड बघितलं, उमामाचा ओठ बघितला. "इसके अंदर जिन्न घुसा है," म्हणत पट्टा काढला. "मैं उतारता हूँ." पट्टा वर गेला आणि शम्साने त्याचा हात मध्येच पकडला, त्या वाकड्या मनगटाच्या हाताने. तुटलेल्या दातातून ती बोलायला लागली.

"ये हाथ मेरी माँ ने तोड़ा. कुएँ के पास. मैं छूट गई. मेरा छोटा भाई नहीं छूटा. बाद में सबने बोला, जिन्न था. जिन्न नहीं था, इक्बाल. मेरी माँ भी सबको बोलती थी, मेरे को अकेला मत छोड़ो. सब बोलते थे, तू तो तगड़ी है. तेरी औरत के पास नीचे मैं थी चाबी फेंकने को. मेरी माँ के पास कोई नहीं था."

इक्बालचा पट्टा खाली आला.  तो हलक्या आवाजात म्हणाला, "तो अब क्या?"

"चालीस दिन ये मेरे पास सोएगी. बच्चे भी मेरे पास. दिमाग के डॉक्टर के पास मैं ले जाएगी."

"और खाना? कपड़े? मैं अकेला कैसे..."

"क्यों?" शम्सा म्हणाली. "तू तगड़ा नहीं है?"

 ती मला हाताला धरून खाली घेऊन गेली. तिने माझ्या डोक्यावर तेल घातलं आणि दार लोटलं. पोरांच्या पलीकडच्या खोलीला तिने वरचंच कुलूप लावलं होतं. तिथे तौहीद रडायला लागला, तशी मी उठून बसले. शम्साने गळ्यातली किल्ली मला दाखवली आणि म्हणाली, "सो जा. मेरे पास है." मी पुन्हा आडवी झाले. वरच्या मजल्यावर इक्बाल भांडी घासत होता, त्यांचा आवाज येत होता.